लकवा आभाळातून पडत नाही : शुगर, हार्मोन अन् मेंदूचं नातं समजून घ्या

वाशिम : हरभऱ्याला पाणी देण्याचे दिवस. कृषिपंपाची लाईन रात्रीची. घरचा कर्ता माणूस रात्रभर बांधावर उभा राहून पहाटे घरी येतो, ओट्यावर बसतो. चहाचा कप हातातून सुटतो. तोंड एका बाजूला जातं, शब्द जड होतात. घरचे म्हणतात, "थंडीनं हात आखडला असन. झोपू द्या थोडं, उतरन." नऊ वाजता तेलाची मालिश होते. दुपारी कोणीतरी लकव्याचं औषध देणाऱ्याचं गाव सांगतं. दवाखान्याची आठवण होते ती दुसऱ्या दिवशी. अन् त्याच माणसाच्या सदऱ्याच्या खिशात शुगरच्या गोळ्यांची पट्टी असते, दोन महिन्यांपासून न फोडलेली. कारण काय, तर "आता बरं वाटते".

कारंजा असो, मानोरा असो की रिसोड, कोणत्याही गावात हे चित्र ओळखीचं वाटेल. लकवा अचानक येतो हे खरं. पण त्याची तयारी अंगात कित्येक वर्षं चाललेली असते. ती तयारी करणाऱ्यांत शुगर अन् बीपी सगळ्यात पुढे असतात, अन् त्यांना चढवणारे-उतरवणारे असतात आपल्याच शरीरातले हार्मोन. ही साखळी समजली तर ती मधेच तोडता येते. लकवा होण्याआधीही अन् झाल्यानंतरही.

लकवा म्हणजे मेंदूचं दुखणं

कोणी लकवा म्हणतं, कोणी पक्षाघात, कोणी अर्धांगवायू, तर कोणी अंगावरून वारं गेलं म्हणतं. नावामुळे वाटतं की हाताला-पायाला हवा लागली. प्रत्यक्षात हातपाय चांगले असतात, बिघाड मेंदूत असतो. मेंदूच्या एखाद्या भागाचं रक्त बंद पडतं, तो भाग ज्या अवयवाला हुकूम देतो तो अवयव थांबतो. मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला तर उजवं अंग जातं, उजव्या बाजूला बसला तर डावं.

याचे दोन प्रकार. पहिल्यात रक्ताची गाठ नळीत अडकते, जसा ठिबकच्या नळीत कचरा अडकून पुढच्या झाडाला पाणी जात नाही. बहुतेक लकवे या प्रकारचे. दुसऱ्यात नळी फुटते अन् मेंदूत रक्तस्राव होतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. फरक फक्त सीटी स्कॅनमध्ये कळतो, अन् दोघांचा इलाज एकमेकांच्या उलट आहे. म्हणून घरच्या घरी रक्त पातळ करायची गोळी तोंडात टाकणं धोक्याचं. नळी फुटलेली असेल तर रक्तस्राव वाढतो.

हा शहरातल्या लोकांचा आजार, असा एक समज आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये जे आकांक्षित जिल्हे निवडले, त्यात महाराष्ट्रातले चार होते : वाशिम, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचं धाराशिव) आणि गडचिरोली. यातल्या गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ८६ गावांत २०११ ते २०१३ अशी दोन वर्षं प्रत्येक मृत्यूचं कारण नोंदवलं. सगळ्यात जास्त मृत्यू लकव्याने झालेले निघाले, दर १०० मृत्यूंमागे सुमारे १४. त्यातही बहुतेक माणसं घरीच गेली. म्हणजे ज्या भागात लोक तापाची अन् सापाची भीती धरत होते, तिथे लकवा गुपचूप जास्त जीव नेत होता.

शुगर नळ्यांचं काय करते?

जेवण झालं की रक्तात साखर येते. ती पेशींच्या आत पोहोचवण्याचं काम इन्सुलिनचं. इन्सुलिन हा स्वादुपिंडात तयार होणारा हार्मोन. हार्मोन म्हणजे शरीराच्या एका भागातून दुसऱ्या भागाला रक्तातून जाणारा निरोप. इन्सुलिनचा निरोप असतो, "दार उघडा, साखर आत घ्या." मधुमेहात एकतर हा निरोप कमी पडतो, नाहीतर पेशी तो ऐकत नाहीत. मग साखर बाहेर रक्तातच फिरत राहते.

अशी साखर वर्षानुवर्षं राहिली की रक्तनळीचं आतलं गुळगुळीत अस्तर खरबरीत होतं. तिथे चरबी बसते, नळी कडक अन् अरुंद होते, रक्ताची गाठ लवकर धरते. पेशी इन्सुलिनचं ऐकत नाहीत तेव्हा शरीर जास्त इन्सुलिन सोडतं. त्याने मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात अन् बीपी वाढतो. म्हणून शुगर अन् बीपी बहुतेक वेळा जोडीनेच घरात शिरतात. शुगर असलेल्या माणसाला लकव्याचा धोका इतरांपेक्षा साधारण दुप्पट असतो. मेंदूच्या आतल्या बारीक नळ्या एक एक करून बंद होत गेल्या तर लहान लहान लकवे होतात. ते कळतही नाहीत. माणूस विसरभोळा होतो, चाल बदलते, घरचे म्हणतात वय झालं.

"अंगात मांस नाही, मले कायची शुगर?" असं म्हणणारे गावात पुष्कळ. त्यांनी पुण्यातलं काम ऐकावं. केईएम रुग्णालय, पुणे इथले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून दाखवलं, की भारतीय माणूस दिसायला बारीक असला तरी त्याच्या शरीरात, खास करून पोटाभोवती, चरबी जास्त असते. २००४ साली त्यांचा अन् लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय मासिकात आला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के अन् याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. म्हणजे वजनकाटा सांगतो ते अर्धंच. बारीक माणसानेही शुगर तपासावी. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे.

इन्सुलिन एकटं नाही

शुगर चढवणारे, उतरवणारे अन् रक्त घट्ट करणारे आणखी काही हार्मोन आहेत. गावच्या जगण्यात ते कुठे येतात ते पाहू.

ताणाचे हार्मोन : कॉर्टिसोल आणि अॅड्रेनालिन. संकट आलं की हे रक्तात उतरतात. काम एकच, शरीराला पळायची ताकद देणं. त्यासाठी ते साखर वाढवतात, बीपी वाढवतात. वाघ मागे लागला तर हे कामाचं. पण कर्जाचा हप्ता, पडलेला भाव, रात्रीचं ओलित अन् अर्धवट झोप हे संकट महिनोन् महिने चालतं, तेव्हा हेच हार्मोन शुगर खाली येऊ देत नाहीत. पहाटे हे नैसर्गिकरीत्याही वाढतात. सकाळी ६ ते दुपारी १२ या वेळात लकवे जास्त होतात, त्यामागचं एक कारण हे. खर्रा अन् तंबाखूतलं निकोटीनही अॅड्रेनालिन सोडायला लावतं. प्रत्येक खर्ऱ्यासोबत बीपीला एक धक्का बसतो.

बाहेरून घेतलेला हार्मोन : स्टेरॉइड. गुडघेदुखीवर कुठूनतरी आणलेल्या पुड्या, एका दिवसात आराम देणारं इंजेक्शन, यात अनेकदा स्टेरॉइड असतं. ते कॉर्टिसोलचंच भावंड. दुखणं थांबतं, पण शुगर अन् बीपी दोन्ही चढतात. डॉक्टरने दिलेलं स्टेरॉइड मोजून दिलेलं असतं, ते स्वतःहून एकदम बंदही करू नये. बिनानावाच्या पुडीचा मात्र हिशेब कोणाकडेच नसतो.

थायरॉइड. हा हार्मोन जास्त झाला तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. बेताल ठोक्यांमुळे हृदयात रक्ताची गाठ तयार होते अन् ती थेट मेंदूत जाऊन अडकते. हृदयाच्या अशा बिघाडात लकव्याचा धोका साधारण पाचपट होतो. थायरॉइड कमी झालं तर कोलेस्टेरॉल वाढतं. छातीत धडधड, कारण नसताना वजन घटणं किंवा वाढणं, सतत थकवा असेल तर रक्ताची एक तपासणी पुरते.

बायकांचे हार्मोन. पाळी चालू असेपर्यंत इस्ट्रोजेन हा हार्मोन रक्तनळ्यांना बराच सांभाळतो. पाळी गेली की तो आधार जातो, अन् शुगर-बीपी डोकं वर काढतात. शुगरमुळे लकव्याचा धोका पुरुषांपेक्षा बायकांत जास्त वाढतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. पण घरात तपासणीला आधी जातो तो माणूस. बाई "मले काय झालं" म्हणून मागेच राहते.

इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या, म्हणजे पाळणा लांबवण्याच्या काही गोळ्या, रक्ताची गाठ धरण्याचा धोका थोडा वाढवतात. बीपी, अर्धशिशी किंवा तंबाखूची सवय असेल तर जास्त. सणावाराला किंवा यात्रेसाठी पाळी पुढे ढकलायच्या हार्मोनच्या गोळ्याही मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नयेत, आधी डॉक्टरला विचारावं.

गरोदरपणात वारेतून निघणारे हार्मोन इन्सुलिनला अडवतात, म्हणून काहींना तेवढ्यापुरती शुगर होते. बाळंतपणानंतर ती जाते, पण त्या बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका राहतो. बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांत एकदा अन् मग दरवर्षी तपासणी हवी. आणखी एक गोष्ट. बाळंतिणीचं रक्त हार्मोनमुळे आधीच लवकर गाठ धरणारं असतं. त्यात तिला पाणी कमी द्यायची जुनी पद्धत. अंगातलं पाणी आटलं की मेंदूच्या शिरेत गाठ होऊ शकते. बाळंतिणीला न थांबणारी डोकेदुखी, उलट्या, झटके किंवा एका अंगाची कमजोरी दिसली तर त्याला बाहेरची बाधा समजू नका. तो मेंदूचा लकवा असू शकतो. अन् बाळंतिणीला पोटभर पाणी द्या.

झालाच लकवा तर : साडेचार तास

गाठीचा लकवा असेल तर गाठ विरघळवणारं इंजेक्शन लक्षण सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आत म्हणजे घर सोडणं, रस्ता, सीटी स्कॅन, सगळं धरून. मोठी नळी बंद असेल तर तारेने गाठ काढण्याची सोय मोठ्या शहरांत आहे, ती काही रुग्णांना २४ तासांपर्यंतही चालते. पण नळी बंद असताना दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात, म्हणून "अजून वेळ आहे" हा विचारच चुकीचा.

तोंड वाकडं झालं, एक हात वर राहत नाही, बोलणं लडबडलं, अचानक एका डोळ्याने दिसेना, अचानक तोल गेला, यातलं एकही दिसलं की १०८ ला फोन लावा. थोड्या वेळात लक्षण आपोआप गेलं तरी जा. तो मोठ्या लकव्याचा इशारा असतो.

घड्याळात वेळ पाहून लिहून ठेवा. माणूस झोपेतून उठताना लकवा दिसला तर वेळ उठल्यापासून मोजत नाहीत. तो शेवटचा धडधाकट कधी दिसला, तिथून मोजतात. म्हणून "रात्री दहा वाजता माझ्याशी नीट बोलले" हे सांगणारा माणूस दवाखान्यात सोबत हवा.

तोंडात पाणी, चहा, औषध काहीच घालू नका. गिळण्याचे स्नायू गेलेले असतील तर ते फुप्फुसात जातं. कबुतराचं रक्त चोळणं, तापवलेल्या तेलाने शेकणं यात फक्त वेळ जातो, अन् बधिर अंगाला चटका बसला तरी कळत नाही.

वाशिमहून अकोल्याचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुमारे ८० किलोमीटर. वाशिमलाही २०२४ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आपल्या गावाहून सीटी स्कॅन चोवीस तास चालू असलेलं सगळ्यात जवळचं रुग्णालय कोणतं, हे आज, धडधाकट असतानाच विचारून ठेवा. त्या घाईत विचारायला वेळ नसतो.

दवाखान्यात पहिली टोचणी शुगरची का?

लकव्याचा रुग्ण आला की डॉक्टर आधी बोट टोचून शुगर पाहतात. नातेवाइकांना वाटतं वेळ घालवताहेत. पण शुगर फार खाली गेली, साधारण ७० च्या खाली उतरत गेली, तर कधी कधी हुबेहूब लकव्यासारखं दिसतं. बोलणं अडखळतं, एक अंग ढिलं पडतं. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपवास केला, जेवणाची वेळ टळली, की हे होतं. सलाईनमधून साखर दिली की असा माणूस बरा होतो. नवरात्रात किंवा श्रावणात उपवास धरायचा असेल तर गोळ्यांचं काय करायचं, हे आधी डॉक्टरला विचारण्यामागे हेच कारण आहे.

याच्या उलटही होतं. कधीच शुगर नसलेल्या माणसाची लकव्यानंतर शुगर २०० च्या वर निघते. मेंदूवर घाला पडला की कॉर्टिसोल अन् अॅड्रेनालिन उसळतात अन् साखर चढवतात. ही तात्पुरती की जुनी, हे एचबीए१सी या तपासणीतून कळतं. ती मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते. ६.५ किंवा जास्त आली तर शुगर आधीपासूनच घरात होती, कळली आज, असं समजायचं.

चढलेली शुगर जखमी मेंदूला आणखी इजा करते, म्हणून दवाखान्यात इन्सुलिन देतात. "इन्सुलिन लागलं म्हणजे संपलं" ही भीती काढून टाका. बऱ्याच जणांचं ते नंतर बंदही होतं. मात्र जास्त खाली आणणंही बरं नाही. अमेरिकेत ११०० हून जास्त लकव्याच्या रुग्णांवर झालेल्या अन् २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शुगर फार काटेकोर, ८० ते १३० मध्ये ठेवलेल्यांना जास्त फायदा झाला नाही, उलट शुगर एकदम उतरण्याचा त्रास वाढला. म्हणून घरी आल्यावर लवकर बरं व्हावं म्हणून गोळी दुप्पट करणं हा शहाणपणा नाही.

घरी आल्यावर खरी मेहनत

मेंदूच्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण शेजारच्या पेशी ते काम शिकू शकतात. शिकतात कशा, तर पुन्हा पुन्हा करून. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते, सहा महिन्यांपर्यंत बरीच होते, पुढेही हळूहळू चालू राहते. नेमक्या याच दिवसांत घरचे माणसाला खाटेवर झोपवून ठेवतात, "आराम पडू द्या" म्हणून.

यातही शुगर आडवी येते. शरीरातली साखर सगळ्यात जास्त वापरतात ते स्नायू. अंग पडून राहिलं की स्नायू झिजतात, इन्सुलिनचं ऐकेनासे होतात, शुगर चढते. चढलेल्या शुगरने जखमा भरत नाहीत, पाठीला फोड येतात, लघवीला जंतू होतात, अन् व्यायाम पुन्हा थांबतो. ही विहिरीची दोरी उलटी ओढायची असेल तर हालचाल अन् शुगर दोन्ही सोबत सांभाळावं लागतं. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या अन् घरी रोज करा. ताटातले तुरीचे दाणे एक एक वेचून वाटीत टाकणं हाही बोटांचा व्यायामच. लुळ्या हाताला धरून माणसाला उठवू नका. शुगरवाल्यांचा खांदा तसाही लवकर आखडतो, ओढल्याने निखळतो. काखेतून किंवा कमरेतून आधार द्या. तळपाय रोज बघा, बधिर पायाची जखम दुखत नाही.

मनाकडेही बघा. कालपर्यंत नांगर धरणारा माणूस आज दुसऱ्याच्या हाताने जेवतो, तेव्हा तो आतून खचतो. गप्प राहणं, रडणं, जेवण टाकणं, व्यायामाला नको म्हणणं हे हट्टीपण नसून लकव्यानंतरचं नैराश्य असू शकतं. त्यालाही औषध आहे. त्याला घरातल्या निर्णयात विचारा, दारात आणून बसवा.

अन् गोळ्या. ज्याला एकदा लकवा झाला त्याला दुसरा होण्याचा धोका मोठा असतो, अन् दुसरा बहुतेक पहिल्यापेक्षा जास्त नेतो. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल अन् गाठ न होण्याची गोळी "बरं वाटते" म्हणून बंद करायची नसते. बरं वाटतं ते त्या गोळीमुळेच.

आज करण्यासारखं

भारतासह ३२ देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की १० पैकी ९ लकव्यांचा धोका बदलता येणाऱ्या गोष्टींशी जोडलेला आहे. बीपी, तंबाखू, शुगर, खाणं, पोटाची चरबी, दारू, ताण, बसून राहणं, कोलेस्टेरॉल अन् हृदयाचे आजार.

- तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची बीपी अन् शुगर तपासणी उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, मोफत होते. आशाताई फॉर्म भरायला आली तर "नंतर या" म्हणू नका.
- उपाशीपोटी शुगर १२६ किंवा जास्त असली तर मधुमेह धरतात, पण एकदा पुन्हा तपासून खात्री करतात. १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर. बीपी १४०/९० च्या वर राहत असेल तर इलाज हवा. शुगरवाल्यांनी तो १३०/८० च्या आसपास ठेवायचा असतो.
- शुगरवाल्यांनी एचबीए१सी वर्षातून किमान दोनदा करावी. बहुतेकांसाठी ७ च्या खाली हे लक्ष्य, वयस्कर माणसाचं डॉक्टर ठरवतील.
- भाकर, वरण, पालेभाजी चालू द्या. दिवसाचे पाच-सहा गोड चहा, लोणचं-पापडाचं मीठ अन् खर्रा कमी करा.
- रात्रीचं ओलित टळत नसेल तर दिवसा झोप पूर्ण करा. गोळीची वेळ चुकवू नका.
- महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत रुग्णालयांत ५ लाखांपर्यंतचे मंजूर उपचार मोफत मिळतात. तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड अन् आधार एकाच पिशवीत ठेवा.

घरातल्या भिंतीवर, कॅलेंडरच्या खाली, तीन गोष्टी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा : १०८, सीटी स्कॅनच्या रुग्णालयाचं नाव अन् घरातल्या शुगरवाल्याच्या गोळ्यांची यादी. पहाटे ओट्यावर कोणाच्या हातातून कप सुटला, तर घरातलं शाळकरी पोरगंही ते वाचून फोन लावू शकेल.